सल्ला हवा: सूक्ष्म चॅनेलमध्ये चुंबकाने द्रव मिसळायचे आहेत (नाशिक)

काचपट्टी_बीई: नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. काचपट्टीवर २०० मायक्रॉन रुंदीची वाय आकाराची चॅनेल केलीय. एका तोंडातून पाणी, दुसऱ्यातून पाण्यातलं फेरोफ्लुइड (मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगणारा काळा द्रव) सोडते. वेग साधारण १ मिमी प्रति सेकंद. दोन्ही शेजारीशेजारी वाहतात, मधली रेघ टोकापर्यंत तशीच. बाजूला नियोडिमियम चुंबक लावला, तर काळा द्रव भिंतीला चिकटून बसला. सर म्हणतात अजून ताकदीचा आण. आणू का?

सातपूर_शिफ्ट: अजिबात नको. एवढ्या बारीक चॅनेलमध्ये रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा आकडा) ०.२च्या आसपास, भोवरे उठणारच नाहीत. उरलं विसरण, म्हणजे कणांचं आपणहून हळूहळू पसरणं. १० नॅनोमीटरचा मॅग्नेटाइट कण १०० मायक्रॉन पसरायला दोनेक मिनिटं खातो. तेवढ्यात पाणी अकरा-बारा सेंटीमीटर पुढे, आणि तुझी पट्टी साडेसातची!
चुंबक एका जागी ठेवला की ओढ एकाच बाजूची, म्हणून द्रव जाऊन बसतो. ओढ सतत बदलती हवी. चॅनेलच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉइल लाव आणि आलटून पालटून चालू कर. सेकंदाला एक ते पाच वेळा, तिथून पुढे बघत जा.

काचपट्टी_बीई: एकाच कॉइलला एसी दिला तर? खर्च वाचेल.

सातपूर_शिफ्ट: नाही चालणार. ध्रुव उलटला तरी फेरोफ्लुइड ओढलंच जातं, ढकललं जात नाही. शिवाय ओढ ठरते ती चुंबकीय क्षेत्र एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत किती झपाट्याने बदलतं त्यावर. म्हणून मऊ लोखंडाचा गाभा घे, टोक निमुळतं घासून चॅनेलला जमेल तितकं भिडव. कॉइल सातपूर-अंबडच्या कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे गुंडाळून मिळेल. कॉइल चालू-बंद करायला मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावशील, तेव्हा कॉइल बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून त्याला वाचवणारा उलटा डायोड विसरू नकोस. आणि कॉइल तापते. गरम काचेवर मिसळण आपोआप वाढतं, मग श्रेय चुंबकाला द्यायचं की उष्णतेला?

चष्मेवाला_काका: मुळात चुंबक कशाला? तळाला तिरक्या खाचा पाडल्या तरी द्रव गुंडाळला जातो. २००२ सालीच दाखवलंय ते.

सातपूर_शिफ्ट: काका, खाचा बंद करता येत नाहीत ना! हिला मिसळण हवी तेव्हा सुरू, नको तेव्हा बंद करायचीय.

काचपट्टी_बीई: बरोबर, तेच हवंय. मोजायचं कसं?

चष्मेवाला_काका: बरं, मग मोजायचं माझ्याकडून घे. फेरोफ्लुइड इतकं पातळ कर की खालचा उजेड आरपार दिसला पाहिजे. सूक्ष्मदर्शकावरून मोबाइलने फोटो काढ, इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलच्या आडव्या रेषेवर करड्या छटेचं प्रमाण विचलन काढ. शून्याकडे गेलं की मिसळलं. कॉइल बंद असतानाचा फोटो आधी काढून ठेव, नाहीतर तुलना कशाशी करणार?