बेलाकानेला सोडले ते कांतीमुळे की धर्मामुळे?

सांजवेळ (धागाकर्ता) :

मध्ययुगीन युरोपात काळ्या माणसाच्या देहाकडे केवळ किळसेने किंवा भीतीने पाहिले जात असे, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते, की मूळ काव्ये उघडून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. मी येथे वोल्फ्राम फॉन एशेनबाख या जर्मन कवीच्या ‘पार्त्सिफाल’विषयी लिहीत आहे. सुमारे १२०० ते १२१० या काळात रचलेले हे जवळपास २५,००० ओळींचे काव्य आहे आणि त्याचा आरंभ नायकाच्या नव्हे, तर नायकाच्या बापाच्या प्रेमकथेने होतो.

कथा थोडक्यात अशी. फ्रान्समधल्या आंजू प्रांताच्या राजाचा धाकटा मुलगा गाहमुरेत वारसा न मिळाल्यामुळे बगदादच्या खलिफाच्या चाकरीत जातो आणि पुढे वादळात सापडून झाझामांक या मूरांच्या (म्हणजे काव्यातल्या काळ्या, ख्रिस्ती नसलेल्या लोकांच्या) राज्यात पोहोचतो. तेथली राणी बेलाकाने काळी आहे. इझेनहार्ट नावाचा मूर राजा तिच्यासाठी चिलखताविना लढून मेला, म्हणून त्याचा सूड घ्यायला आलेल्या दोन सैन्यांनी तिच्या नगराला वेढा घातला आहे. गाहमुरेत वेढा उठवतो आणि त्यांचे लग्न होते.

गाहमुरेतला पाहिल्यावर राणी आपल्या कारभाऱ्याजवळ काळजी व्यक्त करते, की याची कांती आपल्यापेक्षा वेगळी आहे, त्याचे त्याला दुःख न होवो. गोऱ्या सरदारापुढे जर्मन भाषेत म्हटले जाणारे हे काव्य क्षणभर काळ्या राणीच्या डोळ्यांनी पाहते आणि त्या नजरेत परका ठरतो तो गोरा पाहुणा. इझेनहार्टसाठी ती रडते तेव्हा कवी म्हणतो, की ती ख्रिस्ती नसली तरी तिचे शुद्ध शील हाच तिचा बाप्तिस्मा होता. क्रेतियँ द त्र्वाच्या ज्या अपूर्ण फ्रेंच काव्यावर वोल्फ्रामने आपली रचना उभारली, त्यात बेलाकाने नाहीच. कवीने ती स्वतःहून आणली आहे, आणि प्रेमाला कांतीची अडचण नसते हे सांगण्यासाठीच आणली आहे, असे माझे ठाम मत आहे.

(मराठीत लिहिताना ‘वर्ण’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. त्या शब्दाबरोबर आपल्याकडचा जो इतिहास आपोआप येतो, तो या काव्यावर लादणे योग्य होणार नाही.)

काळीशाई :

आपण सांगितलेला प्रसंग खरा आहे. पण आपण जेथे थांबलात तेथून पुढचे वाचल्याशिवाय त्या प्रसंगाचा अर्थ लावता येत नाही. गर्भवती राणीला झोपेत सोडून गाहमुरेत रात्री गुपचूप जहाजावर चढतो. मागे फ्रेंच भाषेतले एक पत्र ठेवतो, त्यात आपल्या कुळाची थोरवी लिहितो आणि शेवटी सांगतो, की तू बाप्तिस्मा घेतलास तर मी तुला अजून मिळू शकेन. पत्र वाचून ती लगेच बाप्तिस्म्याला तयार होते. म्हणजे अडचण धर्माची होती हे क्षणभर मान्य केले, तरी ती एका प्रश्नाने दूर झाली असती आणि तो प्रश्न त्याने शय्येवर असताना विचारला नाही. जहाज निघाल्यानंतर दिलेल्या कारणाला मी कारण मानत नाही.

पुढे युरोपात हेर्त्सेलॉइडे ही राणी (पार्त्सिफालची पुढे होणारी आई) त्याच्यावर हक्क सांगते तेव्हा तो आपण विवाहित असल्याचे सांगतो. त्यावर ती ‘त्या मूर बाईला माझ्या प्रेमासाठी सोडा, बाप्तिस्म्याची ताकद मोठी आहे’ अशा आशयाचे उत्तर देते. येथे ‘ख्रिस्ती नसलेली’ हे विशेषण पुरेसे होते, तरी तोंडी शब्द आला तो ‘मूर’. धर्म आणि कांती हे आपण दोन वेगळे कप्पे करत आहात. काव्यातली माणसे ते करत नाहीत.

राणी प्रथम समोर येते तेव्हाचे वर्णनही पाहावे. दिवसाहून उजळ असे काही असलेच, तर राणी तशी नव्हती, आणि दवात भिजलेल्या गुलाबासारखीही नव्हती, असे कवी सांगतो. सौंदर्याचे माप गोरेपणाचे ठेवायचे आणि राणीचे वर्णन ‘ती काय नव्हती’ अशा नकारांतून करायचे, याला मी उदारपणा म्हणू शकत नाही.

सांजवेळ :

पत्राविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे. गाहमुरेतची वागणूक निंद्य आहे. परंतु निंद्य पात्र म्हणजे निंद्य कवी नव्हे. गाहमुरेत स्वतः दुसऱ्या भागात कबूल करतो, की मी तिच्या काळेपणामुळे पळालो असे अडाणी लोकांना वाटते, पण मला ती सूर्यासारखी दिसत होती. लोक काय म्हणतील याचा अंदाज कवीला होता आणि ते म्हणणे त्याने खोडून काढले आहे.

नदीकाठ :

दोघांच्याही वादात फाइरेफित्स राहून गेला, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्याच्याच अंगावर लिहिलेला आहे. गाहमुरेत आणि बेलाकाने यांचा हा मुलगा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा जन्मतो. कवी त्याला मॅगपाय पक्ष्याची उपमा देतो (आपल्याकडच्या दयाळाशी या पक्ष्याचे रंगापुरते साम्य आहे). हाच पक्षी काव्याच्या अगदी पहिल्या ओळींत येतो: ज्याच्या मनात निष्ठा आणि संशय एकत्र नांदतात, त्याच्यात स्वर्ग आणि नरक दोन्हींचा वाटा असतो, असे कवी तेथे म्हणतो. तेथे काळा रंग नरकाच्या बाजूचा आहे. म्हणून रंगाला नैतिक अर्थ नाही, असे धागाकर्त्यांना म्हणता येणार नाही.

मात्र पंधराव्या भागात हेच चित्र उलटते. काव्याचा नायक पार्त्सिफाल आणि त्याचा सावत्र भाऊ फाइरेफित्स एकमेकांना न ओळखता लढतात. पार्त्सिफालची तलवार मोडते, तेव्हा ख्रिस्ती नसलेला भाऊ निःशस्त्र माणसावर वार करण्यात कीर्ती नाही म्हणून आपली तलवार फेकून देतो. नंतर ओळख पटते ती त्वचेवरून. पार्त्सिफालने ऐकलेले असते, की त्याचा भाऊ लिहिलेल्या चर्मपत्रासारखा काळा-पांढरा आहे. जो देह इतरांना विचित्र वाटावा, त्याला येथे वाचता येणारा मजकूर म्हटले आहे. भाऊ भावाला त्या मजकुरावरून वाचतो.

शेवटी फाइरेफित्स ग्रेल (काव्यातली चमत्कारी पवित्र वस्तू) वाहणाऱ्या रेपान्से दे शोय हिच्या प्रेमात पडतो. बाप्तिस्मा नसल्यामुळे त्याला ग्रेल दिसत नाही, ती मात्र दिसते. तिच्यासाठी तो बाप्तिस्मा घेतो आणि त्याला ग्रेल दिसू लागतो. त्याची त्वचा मात्र ठिपक्यांचीच राहते. १४व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘द किंग ऑफ टार्स’ या इंग्रजी काव्यात काळा सुलतान बाप्तिस्मा घेताच गोरा होतो आणि केवळ मांसाचा गोळा म्हणून जन्मलेल्या त्याच्या बाळाला बाप्तिस्म्यानंतर अवयव फुटतात. त्यामानाने वोल्फ्राम शतकभर आधी देहाला त्याच्या जागी राहू देतो, हे मला फार मोलाचे वाटते.

काळीशाई :

त्वचा बदलत नाही हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. तरीही सेकुंदिलेचे काय? गंगेकाठच्या देशाची ही राणी फाइरेफित्सची बायको आहे. रेपान्सेशी लग्न झाल्यावर सेकुंदिलेच्या मृत्यूची बातमी येते आणि प्रश्न आपोआप मिटतो. तिनेच भेट म्हणून पाठवलेल्या लोकांतली कुंद्री रानडुकराच्या सुळ्यांची, कुत्र्याच्या नाकाची आणि अस्वलाच्या कानांची आहे. तिला लॅटिन, फ्रेंच आणि अरबी येते, खगोलशास्त्र येते. तिची विद्वत्ता कवी मान्य करतो आणि तरी अशा देहाचे मूळ आदमच्या मुलींनी गरोदरपणी खाल्लेल्या निषिद्ध वनस्पतींत शोधतो. हिंदुस्थानातून आलेला देह म्हणजे पापाची खूण, हे गृहीतक वाचताना मला, हिंदुस्थानी वाचक म्हणून, सहज पुढे जाता आले नाही.

फाइरेफित्स आणि रेपान्से यांचा मुलगा पुढे हिंदुस्थानातला प्रेस्टर जॉन, म्हणजे दंतकथेतला पूर्वेकडचा ख्रिस्ती राजा होतो. ती दंतकथा वोल्फ्रामच्या आधीची, १२व्या शतकातली आहे. पण त्याच ख्रिस्ती राजाच्या शोधाची आशा १४९८ मध्ये कालिकतला आलेल्या पोर्तुगीजांच्या मनात होती, आणि १५१० नंतर गोव्यात जे घडले ते आपल्याला ठाऊक आहे. परक्याला आपलेसे करण्याची अट बाप्तिस्मा असेल, तर त्या प्रेमाकडे सावधपणे पाहावे लागते.

सांजवेळ :

गोव्यापर्यंतची रेघ मला फार लांब ओढलेली वाटते, कारण वोल्फ्रामच्याच ‘विलेहाल्म’ या दुसऱ्या काव्यात गीबुर्क ही पूर्वाश्रमीची मुस्लिम राणी युद्धापूर्वी ख्रिस्ती सरदारांना सांगते, की शत्रूही देवाच्या हातची निर्मिती आहे, आदमही बाप्तिस्मा न झालेलाच होता आणि प्रत्येक ख्रिस्ती मूल आईच्या पोटी ख्रिस्ती नसतेच. ज्या कवीला हे सुचले, त्याच्या हाती अट आणि प्रेम या दोन्ही गोष्टी होत्या, आणि त्यांपैकी अट तेवढी पुढच्यांनी उचलली असेल तर त्याचा दोष मी त्याला देणार नाही.

कुंद्रीविषयी मात्र माझ्यापाशी उत्तर नाही. आणि आणखी एक जागा मला सतावते. मूल जन्मल्यावर बेलाकाने त्याच्या पांढऱ्या ठिपक्यांचे पुन्हा पुन्हा मुके घेते. मी आजवर त्यात केवळ गेलेल्या नवऱ्याची ओढ वाचत आलो.

काळीशाई :

मी त्यात काळ्या ठिपक्यांना न मिळालेले मुके वाचते. पुढे फाइरेफित्स भावाला सांगतो, की आई बापाच्या विरहाने मेली. तो बापाला शोधत इतक्या दूर आलेला असतो, आणि बाप कधीच मेला आहे हे त्याला त्याच भेटीत कळते.