धन्य कोण? डोंगरावरील प्रवचन जगतानाचे अनुभव

ईस्टरआधीच्या उपासकाळात बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातली 3 ते 12 ही वचनं आपण पुन्हा वाचतोय. सौम्य, शोक करणारे, नीतिमत्त्वाचे भुकेले, शांती करणारे, असे कोण कोण धन्य हे येशू त्यांत सांगतो. चर्चमध्ये ती गोड लागतात. पण बांधावर, उधारीत, भाऊबंदकीत आडवी येतात तेव्हा तुम्ही काय केलंत? खानदेशातल्या सगळ्यांनी लिहा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू श्रीमंतांना सरळ इशाराच देतो, तेव्हा पैशाचंही लपवू नका.

रावेर : चुलत्यांनी केळीच्या बागेतला बांध दरवर्षी वीतभर सरकवला. भावकी म्हणे, जेसीबी लाव. मी सरकारी मोजणीचे पैसे भरले आणि चुलत्यांच्या घरी जाऊन, दगड रोवताना हजर राहा, असं सांगून आलो. दोन ओळींची जागा परत मिळाली. काका अजून बोलत नाहीत. सौम्य म्हणजे बुळा, असं मला कोणी सांगू नये. सौम्यांना भूमी मिळेल हे बायबलातल्या 37व्या स्तोत्रातही आहे. त्या दिवसांत रात्री तेच वाचायचो.

धुळे : आमचे हे गेले तेव्हा लोक सांगायचे, "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत." माझाही तोच विश्वास, पण घास उतरत नव्हता. शेजारच्या आजी ख्रिस्ती नाहीत. त्यांनी कळण्याची भाकर नि ठेचा पुढे ठेवला, माझी वेणी घातली आणि म्हणाल्या, "रडी ले माय, रडी ले." शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल असं वचन आहे, कोणाच्या हातून ते सांगितलेलं नाही. आता कुठे दुःख झालं की मी आधी डबा नेते.

भुसावळ : सासूबाई आणि जाऊबाईंचे निरोप मी त्यातलं विष काढून पोचवते. माझं शांती करणं एवढंच. हे खोटं ठरतं का?

रावेर : नाही ताई. पण कधीतरी दोघींना एका पंगतीला बसवावं लागेलच.

नवापूर : आमच्याकडून ऊसतोडीला गुजरातेत टोळ्या जातात. मी एका मुकादमाची वही लिहायचो. मजुरांनी घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशांचा, आकडा वाढवून लिहायला सांगितलं, नाही म्हणालो, काम गेलं. नीतिमत्त्वाचे भुकेले तृप्त होतील हे वाचलं की बायको विचारायची, "केव्हा?" तिचा प्रश्न रास्त होता, घरात खरंच पैशाची ओढाताण होती. हल्ली टोळीतली माणसं उचल घेतली की माझ्याकडे येतात. मी तारीख नि रक्कम मोठ्यानं सांगतो आणि त्यांच्या शाळकरी पोरांकडून घरच्या वहीत उतरवून घेतो. पोरांचं अक्षर चांगलं आहे. मुकादमाची वही लिहायचं काम मात्र मला पुन्हा कोणी दिलं नाही.