जामीन मंजूर, पण सुटका २४ दिवसांनी: छोट्या गुन्ह्यांत जामीनदार मागावा का?

डोंबिवलीकर

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचा १९ वर्षांचा मुलगा मोबाइलचोरीच्या गुन्ह्यात आत गेला. चोरी केली की नाही ते कोर्ट ठरवेल, त्यावर मी बोलत नाही. सातव्या दिवशी जामीन मंजूर झाला: १५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. ताई पेढे घेऊन आल्या. पोरगा संध्याकाळी घरी येतोय असंच त्या धरून चालल्या होत्या. तो आला २४ दिवसांनी.

बऱ्याच जणांना वाटतं की १५,००० भरायचे असतात. तसं नसतं. जातमुचलका म्हणजे आरोपीने लिहून दिलेली हमी, की तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम सरकारजमा करीन. जामीनदार त्याच्यासाठी तेच लिहून देतो. त्या दिवशी कोणाच्याच खिशातून काही जात नाही. पण जामीनदाराकडे रेशनकार्ड, आधार, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, नोकरी असेल तर पगाराची स्लिप, असं सगळं लागतं. काही ठिकाणी वर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. ताईंच्या ओळखीत घरपट्टीची पावती असलेलं कोण? ज्यांचा कचरा त्या उचलतात ते आम्ही ४८ फ्लॅटवाले. त्या दारोदार फिरल्या आणि आम्ही सगळ्यांनी काहीतरी कारण काढलं. सुरुवातीला मीही.

कोर्टाच्या फाटकाबाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी एकाने त्यांना गाठलं. "चार हजार द्या, माणूस मी उभा करतो, कागद माझे." हे त्यांनी मला सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी मीच जामीन राहिलो. अर्धा दिवस गेला. कारकुनाने माझ्या रेशनकार्डाच्या मागच्या पानावर लाल शाईने केस नंबर लिहिला, वर शिक्का मारला.

माझं म्हणणं: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी जातमुचलक्यावरच सोडावं. जामीनदार हवाच असेल तर का हवा ते न्यायाधीशांनी आदेशात लिहावं. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याला १०,००० चा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० च्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. इतकी वर्षं झाली, ताई अजून दारोदार फिरतायत.

निवृत्त नाझर

डोंबिवलीकर, तुम्ही उभे राहिलात याबद्दल मनापासून आदर. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

३१ वर्षं कोर्टात काढली. समन्स परत येतं, त्यावर पोलिसाचा शेरा: "सदर पत्त्यावर मिळून येत नाही, झोपडी पाडली आहे." मग वॉरंट. तेही तसंच परत. फिर्यादी प्रत्येक तारखेला कामाचा खाडा करून येतो, बाकावर बसतो, संध्याकाळी जातो. शेवटी फाइल डॉर्मंटला टाकतात, म्हणजे आरोपी सापडेपर्यंत बाजूला ठेवतात. त्या फिर्यादीची बाजू कोण मांडणार?

जामीनदाराची खरी किंमत रकमेत नाही. आरोपीची मावशी कुठे राहते हे त्याला माहीत असतं. हमीची रक्कम का वसूल करू नये अशी नोटीस त्याला गेली की आठ दिवसांत आरोपी दारात उभा राहिलेला मी कितीदा पाहिलाय. रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होते, तीही झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. म्हणून तो आरोपीला शोधून आणतो. रकमा कमी करा, कागद कमी करा, पण जामीनदार काढू नका.

आणि जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख भरून सुटायची मुभा वकिलाने त्याच दिवशी मागायला हवी होती. ती रोख नाझरकडे, म्हणजे कोर्टातले पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे भरायची, पावती घ्यायची, केस संपली आणि सगळ्या तारखांना हजेरी असली की अर्ज करून परत मिळते. व्याज मिळत नाही. मूळ पावती मात्र जिवापाड जपा. ती हरवली की प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे. कितीतरी गरीब माणसं स्वतःचे पैसे न्यायला परत आलीच नाहीत.

वकिलीण

नाझरसाहेब, रोख भरायची मुभा ठीक आहे, पण १५,००० रोख त्या ताई कुठून आणणार? व्याजाने. म्हणजे मुलगा सुटतो आणि आई सावकाराच्या दावणीला बांधली जाते.

डोंबिवलीकर मागतायत त्यातलं बरंच आधीपासून कायद्यात आहे, हे मला ठासून सांगायचंय. जामीनपात्र गुन्ह्यात, म्हणजे जिथे जामीन हा हक्कच असतो तिथे, अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही तर आरोपी निर्धन आहे असं धरून त्याला बिनाजामीनदार सोडायचं: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं कलम ४७८, जुन्या कायद्यातलं ४३६. चोरी सहसा अजामीनपात्र असते, म्हणजे जामीन द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, त्यामुळे या मुलाला ते लागू नाही. पण कलम ४८४ सगळ्यांना लागू आहे: रक्कम अवाजवी नसावी.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिलेत. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात हमी दिली गेली नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तिथे ती अट घालू नये असंही त्यात आहे. शिवाय २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून संपला नाही अशाला, जामिनासाठी पैशांची मदत. यातलं एक तरी त्या ताईंना कोणी सांगितलं का?

गाळेवाला

माझ्या दुकानातून ११ मोबाइल गेले. आरोपी सुटला, नंतर तीन वर्षं फरार. जामीनदाराला नोटीस काढली तर त्या पत्त्यावर भलतंच कुटुंब. रेशनकार्ड बनावट. त्यामुळे वकीलबाई, कायद्यात काय आहे ते मला सांगू नका, घडतं काय ते बघा.

फाटकाबाहेर धंदा चालतोच आहे, तर तो उघड करा. अमेरिकेत लायसन्सवाल्या कंपन्या असतात, १० टक्के घेतात, माणूस पळाला तर कंपनी भरते आणि शोधूनही आणते. १५,००० चे १,५०० होतात. ताईंचे चार हजारांऐवजी दीड हजार गेले असते आणि मला खरा जबाबदार माणूस मिळाला असता.

एडिसनकर

गाळेवाले, तुमचं नुकसान खरं आहे, पण हा रस्ता नको. मी न्यू जर्सीत राहतो.

ते १० टक्के फी असतात, परत मिळत नाहीत. २०,००० डॉलरचा जामीन असला तर २,००० गेले ते गेलेच, मग खटला मागे घेतला तरी आणि निर्दोष सुटलात तरी. उरलेल्या रकमेसाठी घर किंवा गाडी तारण मागतात. रोख नसेल त्याला हप्ते बांधून देतात आणि केस संपल्यावरही घरचे हप्ते फेडत बसतात. केंटकीने हा धंदा १९७६ मध्येच बंद केला. आमच्याकडे १ जानेवारी २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ संपलाय. आरोपी पळेल का, कोणाला धोका आहे का, हे न्यायाधीश पाहतात आणि कोर्टाचे अधिकारी नंतर लक्ष ठेवतात. तारखेची आठवण फोनवर जाते. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीन पूर्णच काढून टाकला. इथले लोक ज्यातून बाहेर पडतायत ते आपण आणायचं?

वकिलीण

शिवाय भारतात पैसे घेऊन जामीन राहण्याचा करार कोर्टात टिकत नाही. जामीनदाराचं स्वतःचं नुकसान होणार नसेल तर तो आरोपीवर लक्ष कशाला ठेवेल, हा त्यामागचा विचार आहे. गाळेवाल्यांना बनावट माणूस भेटला तो याच धंद्यातला. गरिबाला न मिळणारा कागद मागितला की तो कागद विकणारा उभा राहतोच.

डोंबिवलीकर

नाझरसाहेब, तुमचं मावशीचं म्हणणं मला पटलं. आरोपीला ओळखणारं माणूस हवंच. पण ते त्याच्या वस्तीतलं का चालू नये? शेजारची भाजीवाली त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, तो कुठे जाईल तेही तिला ठाऊक आहे. तिच्याकडे घरपट्टीची पावती नाही एवढंच. तिचा फोन नंबर, आधार आणि अंगठा घ्या. हमीदार ओळखीचा असावा, ऐपतीचा असायची सक्ती नको, इथपर्यंत मी मागे यायला तयार आहे.

पुढची तारीख १७ ला आहे. पोरगा परवा दारात येऊन विचारत होता, "काका, तारखेला तुम्हालाही यावं लागतं का?" लागत नाही, पण मी जाणार आहे. रेशनकार्डावरचा तो लाल शेरा केस संपल्यावर निघतो ना?

निवृत्त नाझर

भाजीवाली चालेल. मी न्यायाधीश असतो तर घेतली असती.

शेरा निघतो. निकालाची नक्कल आणि मूळ रेशनकार्ड जोडून त्याच कोर्टात अर्ज करा. पण लगेच जाऊ नका. निर्दोष सुटला तरी वरच्या कोर्टात हजर राहण्यासाठी बाँड घेतात आणि तो सहा महिने चालतो. त्यावरही तुमचीच सही असेल तर तेवढे महिने थांबा. मधेच काही वाकडं दिसलं तर हमी मागे घ्यायचा अर्ज कधीही करता येतो. मात्र मग पोराला वॉरंट निघेल आणि दुसरा जामीनदार नाही मिळाला तर तो परत आत जाईल.