जीएनएमची फी: सोनं ठेवायचं की कर्ज काढायचं?

पूर्वभागकर: काल इथं एकानं लिहिलं, 'पोरीला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करायचाय ना, मग लग्नाचं सोनं तारण ठेवा, बँकेच्या दारात कशाला जाता?' डोकंच फिरलं. अहो, सोन्यावरचं बुलेट कर्ज 12 महिन्यांत व्याजासकट एकरकमी फेडायचं असतं, कोर्स 3 वर्षांचा. दुसऱ्या वर्षाची फी आणि सोन्याची सोडवणूक एकदम अंगावर आली तर काय विकणार? शैक्षणिक कर्जाला 4 लाखांपर्यंत तारण नाही, हप्ता कोर्स संपल्यावर वर्षानं. मधलं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात तर पुढं हप्ता हलका पडतो. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म हेही खर्चात दाखवता येतं. कॉलेजकडून लेटरहेडवर पत्रक घ्या.

होटगीरोडवाला: सल्ला माझाच. पुतणीच्या वेळी शाखेत रोज एकच, 'साहेब मीटिंगला गेलेत.' ॲडमिशनची तारीख साहेबांसाठी थांबते होय? सोन्यावर तासाभरात पैसे हातात.

विडीघरकुल_ताई: सोनं आहे कुणाकडं? आई विड्या वळायची. हजार पुऱ्या करून कारखान्यात न्यायच्या, तिथं छाट, म्हणजे नापास विड्या, बाजूला काढणार, मग उरेल ती मजुरी. माझं एएनएम, तोही नर्सिंगचाच कोर्स, भिशीवर झालं.

होटगीरोडवाला: भिशीचं नाव काढू नका! आमच्या गल्लीतली बाई गड्ड्याच्या जत्रेआधी नंबर काढते म्हणाली. गड्डा उठायच्या आत घराला कुलूप.

विडीघरकुल_ताई: तुमची बाई पळाली म्हणून सगळ्या भिश्या बुडव्या का? आमच्या सगळ्या एकाच कारखान्यातल्या. फीच्या महिन्यात शेजारणीनं तिचा नंबर मला दिला. देईल तुमची बँक असं?

पूर्वभागकर: भिशी जिंदाबाद! पण विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे की. आईचं कार्ड होतं ना?

विडीघरकुल_ताई: कार्डही होतं, फॉर्मही भरला. कॉलेज म्हणालं आधी फी भरा, मग बघू. पैसे आले कोर्स संपता संपता. आम्हाला योजना शिकवताय?

वॉर्डातली_सिस्टर: भांडा निवांत. कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे एकानं तरी विचारलं? नर्स म्हणून नोंदणी झाली नाही तर सोनं, भिशी, कर्ज सगळं पाण्यात. बँकेनं नाकारलं तर कारण लेखी मागा, कधी गोम मान्यतेतच निघते. आणि 'बारावीनंतर थेट मिडवाइफ' सांगणारे एजंट दारातूनच घालवा. नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा 18 महिन्यांचा कोर्स जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी आहे.

होटगीरोडवाला: बरं बाबा, 12 महिन्यांचं खरं. मग पहिली फी सोन्यावर, बाकी बँकेवर. झालं समाधान?

पूर्वभागकर: अर्धं. भरलेल्या फीची पावती जपा, काही बँका ती रक्कम नंतर कर्जात धरतात. आधी विचारा, मगच सोनं ठेवा.

होटगीरोडवाला: विचारतो की. साहेब मीटिंगमधून आले की.