नायोबीला मिळाली ती शिक्षा की सूड?

शेवाळवाट:
ग्रीक पुराणातली नायोबीची गोष्ट परवा पुन्हा वाचली, तेव्हापासून डोक्यातून जात नाही. रोमन कवी ओव्हिडने सांगितली आहे ती अशी. थीब्ज या ग्रीक नगराची ही राणी, सात मुलगे, सात मुली. गावातल्या बायका लेटो देवीची पूजा करत होत्या. ही तिथे येऊन म्हणाली, तिला दोनच पोरं, मला चौदा, मग मान तिला का? लेटोची ती दोन पोरं म्हणजे अपोलो आणि आर्टेमिस, दोघंही धनुर्धारी देव. चौदाही भावंडं त्यांच्या बाणांनी गेली. नायोबी रडता रडता दगड झाली.

मैदानावर घोडे फिरवणाऱ्या त्या मुलांना आई काय बोलली याचा पत्ताही नव्हता. बोलली ती, मेली पोरं. याला मी न्याय म्हणणार नाही.

कडुलिंब:
साफ असहमत. तुम्ही 'दोनच पोरं' एवढंच सांगितलंत, पुढचं गाळलंत. गरोदर लेटोला देवांचा राजा झ्यूसची बायको हेरा हिच्या रागापायी कुठेच थारा मिळत नव्हता, शेवटी डेलॉस बेटावर ती बाळंत झाली. नायोबीने भरल्या पूजेत नेमकं तेच काढलं: तुला बाळंत व्हायला पृथ्वीवर कुणी वीतभर जागा दिली नाही! एका आईने दुसरीला असं बोलावं? शिवाय ती राणी होती. तिच्या एका शब्दावर बायकांनी डोक्यावरच्या माळा उतरवल्या आणि पूजा अर्धवट टाकली.

आणि थांबायची संधी तिला मिळाली होती. सातही मुलगे गेले, नवऱ्याने, अँफिऑनने, जीव दिला. तरी मुलांच्या प्रेतांपाशी उभी राहून ती म्हणते, अजूनही माझीच जास्त. त्यानंतर मुलींवर बाण सुटले.

शेवाळवाट:
लेटोचा अपमान झाला, हे मान्य. पण सात पोरांची प्रेतं समोर असलेल्या बाईचा शब्द तुम्ही गर्व म्हणून मोजताय? मला त्यात वेडंपिसं झालेलं दुःख दिसतं.

आणि ती थांबलीही. सहा मुली पडल्यावर धाकटीला तिने अंगाखाली घेतलं, वस्त्राने झाकलं आणि म्हणाली, ही एक तरी ठेव, सगळ्यात लहान आहे. गर्व उरला होता का त्यात? विनवणी चालू असतानाच ती पोर गेली. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात याच क्षणाचा पुतळा आहे: मुलगी आईच्या मांडीत तोंड खुपसून, आई वर बघतेय. धडा द्यायचा होता तर तो तिथे देऊन झाला होता. तो शेवटचा बाण कशासाठी?

तांबडफुटी:
दोघेही ओव्हिडवरून भांडताय. इलियड रचणारा ग्रीक कवी होमर कितीतरी जुना, त्याच्याकडे पोरं बाराच. नऊ दिवस त्यांची प्रेतं तशीच रक्तात पडून, कारण झ्यूसने माणसांचे दगड केले होते, पुरायला कुणी नाही. दहाव्या दिवशी देवांनीच त्यांना पुरलं. आणि रडून थकलेल्या नायोबीला जेवणाची आठवण झाली.

हे सांगतो कोण, तर ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर अकिलीस. तेही शत्रूला, ट्रॉयचा राजा प्रायमला, ज्याच्या मुलाला, हेक्टरला, त्यानेच मारलंय. म्हातारा प्रेत न्यायला आलाय आणि हा त्याला म्हणतो, नायोबीसुद्धा जेवली, तूही दोन घास खा. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भावकी कडू घास घेऊन येते. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणून आईपुढे धरली होती, आणि आईने खाल्लंही. इलियडमधला तो भाग वाचताना मला तेच ताट दिसतं. होमरला चूक कुणाची हे माहीत आहे, गर्व तोही सांगतो, पण तिथे रेंगाळत नाही.

कडुलिंब:
हे मनाला लागलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. देवांनी पुरलं म्हणजे देवांना पस्तावा झाला, असं होमर कुठेही म्हणत नाही. लेटोच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं.

शेवाळवाट:
बोला, जरूर बोला. पण तुर्कस्तानात मनिसाजवळ, सिपिलसच्या डोंगरात, बाईच्या तोंडवळ्याचा एक खडक आहे. लोक त्याला रडणारा खडक म्हणतात, नायोबीचा म्हणून दाखवतात. लेटोचा म्हणून नाही.