जाबदेणार, सामनेवाले, पक्षकार : निकालात नाव निघालं, पण कोण म्हणून?

चिंचवडकर
भाचीसाठी एक स्थळ चालून आलंय. हल्ली बरेच जण करतात तसं आम्हीही मुलाच्या वडिलांचं नाव न्यायालयाच्या संकेतस्थळावर 'पार्टी नेम'मध्ये टाकून पाहिलं. एका दिवाणी अपिलाच्या निकालात ते 'जाबदेणार क्र. ४' म्हणून निघाले. ग्राहक आयोगाच्या एका निकालात त्याच नावापुढे 'सामनेवाले' असं आहे. घरात दोन तट पडलेत. वहिनी म्हणतात, ज्याला जाब विचारतात तो जाबदेणार, म्हणजे आरोपीच. भाऊ म्हणतो तसं नसावं, पण नक्की काय ते त्यालाही सांगता येत नाही. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि 'पक्षकार' म्हणजे वकिलाचं अशील, की दोन्ही बाजूंचा कुणीही? मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, जाणकारांनी नीट सांगावं.

निवृत्त सहायक अधीक्षक, दिवाणी न्यायालय
ताई, आधी वहिनींची शंका फेडतो. जाबदेणार म्हणजे आरोपी नव्हे. आरोपी हा शब्द फौजदारीतला. दिवाणीत गुन्हाच नसतो, तर आरोपी कुठून येणार? तिथे दावा लावतो तो वादी आणि ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. अर्ज असेल तर अर्जदार आणि जाबदेणार. अपील असेल तर अपील करणारा अपीलकर्ता किंवा अपीलार्थी, आणि समोरचे सगळे जाबदेणार किंवा उत्तरवादी. यातल्या 'जाब'चा अर्थ उत्तर, जवाब. दरडावून विचारलेला जाब इथे नाही. न्यायालयाची नोटीस मिळाली, आता तुमचं म्हणणं मांडा, एवढंच त्यात आहे.

आता तुमच्या प्रकरणात एक गोष्ट मुद्दाम पाहा. ते अपील आहे. खालच्या न्यायालयात जो हरतो तो अपील करतो. म्हणजे अपिलातला जाबदेणार हा बऱ्याचदा खाली जिंकलेला माणूस असतो. नुसत्या शब्दावरून त्याला दोषी समजणं म्हणजे उलटाच अर्थ लावणं झालं.

दुसरं, तो 'क्र. ४'. जमिनीच्या वाटपाचा दावा असेल तर सगळ्या हिस्सेदारांना दाव्यात आणावंच लागतं. आवश्यक पक्षकार वगळला तर दावा टिकत नाही. पाच भावंडांपैकी एकानं वाटप मागितलं आणि उरलेल्या चौघांनी वादी म्हणून सही केली नाही, तर चौघेही प्रतिवादी होतात. मग त्यांचं भांडण असो वा नसो. सासरी सुखात नांदणारी बहीण, जिला त्या जमिनीतलं ढेकूळही नको, तिचंही नाव प्रतिवादी म्हणून लागतं. पुढे अपील झालं की हीच मंडळी जाबदेणार होतात. माझ्या टेबलावरून गेलेल्या वाटपाच्या दाव्यांत अशी नावं भरपूर असायची. कित्येक जण तर हजरही होत नसत. त्यांच्या नावापुढे 'एकतर्फा' असा शेरा पडायचा. तोही वाईट नाही. त्याचा अर्थ इतकाच, की ते आले नाहीत आणि त्यांच्या गैरहजेरीत काम पुढे चाललं.

म्हणून निकाल उघडा आणि शीर्षक सोडून पहिली दोन पानं वाचा. दावा कशाचा आणि क्र. ४ चं म्हणणं काय, हे तिथेच कळेल. निकालपत्राच्या शेवटी 'आदेश' असतो, तोही वाचा. कुणी काय द्यायचं, काय करायचं, ते त्यात येतं.

पक्षकार म्हणजे दोन्ही बाजूंचा कुणीही. वकील मंडळी 'माझा पक्षकार' म्हणतात तेव्हा त्यांचा रोख अशिलावर असतो. शोधाच्या चौकटीत मात्र वादी, प्रतिवादी, अर्जदार, जाबदेणार, आरोपी सगळे एकत्रच येतात. नाव कुठल्या बाजूनं आलं हे यंत्र वेगळं काढून देत नाही, ते आपल्यालाच पाहावं लागतं.

नांदेडचा वकील
काकांनी दिवाणीचं सगळं सांगितलंच. ग्राहक आयोगाबद्दल मी भर घालतो, कारण तिथल्या मराठीत गावागणिक शब्द बदलतो. तक्रार करणारा सगळीकडे तक्रारदारच. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला पुण्याच्या निकालांत जाबदेणार, सांगलीकडे जाबदार, आमच्या नांदेडला गैरअर्जदार, विदर्भात विरुद्ध पक्ष आणि इतर काही ठिकाणी सामनेवाले म्हटलेलं आढळतं. शब्द पाच, माणूस एकाच जागचा. तो बहुधा दुकानदार, बिल्डर, बँक, विमा कंपनी किंवा त्यांचा एखादा संचालक, शाखाधिकारी असतो. संस्थेच्या हुद्द्यामुळे नाव लागलेले पुष्कळ सापडतात. पतसंस्थेच्या ठेवींच्या तक्रारीत अख्ख्या संचालक मंडळाची नावं ओळीनं येतात. तेव्हा वडिलांच्या नावाआधी एखाद्या संस्थेचं नाव आहे का, ते पाहा.

आणि ताई, 'त्याच नावापुढे' असं तुम्ही लिहिलंय. तो तोच माणूस आहे हे कशावरून? आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव हे तिन्ही जुळणारे दोन चुलतभाऊसुद्धा एका गावात असतात. वय, पत्ता, धंदा शीर्षकात दिलेला असतो, तो जुळवा.

उलटाही घोळ होतो. माणूस तोच, पण नाव जुळत नाही म्हणून सापडत नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनं मराठी झाली, उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत. खाली मराठी निकाल असला तरी संगणकातल्या नोंदीत नाव रोमन अक्षरांत घातलेलं असतं, आणि ते ज्यानं घातलं त्याच्या हातावर अवलंबून. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग मराठी कारकून डीएनवाय असं करतो, हिंदी वळणाचा जीवाय असं. चव्हाण तीन तऱ्हांनी लिहिलेला मी पाहिलाय. काळे आणि काले रोमनमध्ये एकच होतात, कारण 'ळ'ला तिथे वेगळं अक्षर नाही. कोल्हापूरकडे बाळासाहेबचं 'बाळासो' होतं आणि निकालातही तसंच उमटतं. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तीन अक्षरं पुरतात. आडनावाचा न बदलणारा तुकडा टाका, वर्ष द्या, 'प्रलंबित' आणि 'निकाली' दोन्ही तपासा.

देवनागरीत शोधतानाही एक अडचण आहे. 'विरुद्ध' शब्दात द आधी, ध नंतर. टंकलेखनात तो सर्रास 'विरुध्द' असा उलटा पडतो. डोळ्याला फरक जेमतेम दिसतो, संगणकाला ते दोन निराळे शब्द. सिद्धेश्वर, बुद्धभूषण, श्रद्धा ही नावं म्हणूनच दोन्ही तऱ्हांनी शोधावी लागतात. आणि निकाल जर कागदावरून स्कॅन केलेला असेल तर मजकुरात नाव असूनही शोधात येत नाही.

शब्दवेडी
फार उपयोगाची माहिती. अशील शब्दाबद्दल थोडं लिहिते. मूळ अरबी असील, म्हणजे मुळातला, ज्याचं काम आहे तो. वकील म्हणजे त्याच्या वतीनं उभा राहणारा. दोन्ही शब्द जोडीनं आले आणि मराठीत रुळले. पक्षकार त्या मानानं अलीकडचा, संस्कृतावरून घडवलेला.

नाव कुठल्या बाजूला आहे याबद्दल काका म्हणाले, त्याची सगळ्यांना ठाऊक असलेली दोन उदाहरणं देते. नानावटी खटला. मुंबई उच्च न्यायालयात तो 'राज्य विरुद्ध कावस माणेकशा नानावटी' असा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये निकाल दिला तो 'के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावानं. शिक्षा झालेल्यानं अपील केलं म्हणून नाव पुढे आलं. 'विरुद्ध'च्या आधीचा तो तक्रारदार आणि नंतरचा तो आरोपी, हा समज इथे साफ मोडतो. शिवाय एका ठिकाणी पूर्ण नाव, दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरं. 'कावस' टाकून शोधणाऱ्याला शीर्षकात दुसरा निकाल मिळणारच नाही.

लोकमान्यांचं पाहा. १८९७ चा राजद्रोहाचा खटला 'क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक', १९०८ चा 'एम्परर विरुद्ध बाळ गंगाधर टिळक', कारण मधल्या काळात व्हिक्टोरिया राणी वारली आणि गादीवर राजा आला. १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाचा निकाल आला तो 'बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित'. इथे टिळक अपीलकर्ते आहेत, आणि निकाल त्यांच्या बाजूनं लागला. हेच आपण ताई महाराज प्रकरण म्हणून ओळखतो, पण छापील शीर्षकात ताई महाराजांचं नाव नाही! प्रकरण ज्या नावानं लोकांच्या तोंडी असतं आणि ज्या नावानं निकालात असतं, ती दोन वेगळी असू शकतात.

बायकांच्या नावांचा तर वेगळाच वनवास. डॉ. रखमाबाई राऊत म्हणून आज आपण जिला मान देतो, तिचा निकाल 'राऊत' टाकून सापडणार नाही. १८८५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाचं शीर्षक 'दादाजी भिकाजी विरुद्ध रुखमाबाई' असं आहे. दोघांपैकी कुणाचंच आडनाव त्यात नाही, आणि तिच्या नावाचं स्पेलिंगही पुढच्या संदर्भांत एकसारखं राहत नाही. नवऱ्यानं नांदायला येण्यासाठी लावलेला दावा होता तो. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात १८८६ ला प्रकरण परत पाठवलं गेलं, आणि १८८७ ला 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद' असा हुकूम झाला. ती कैदेला तयार झाली, नांदायला गेली नाही. त्या दाव्यात तिच्या नावापुढे शब्द होता 'प्रतिवादी'. त्या शब्दाला कमीपणाचा वास आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

जुन्या मुंबई इलाख्याच्या निकालांत 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आजोबा-पणजोबांचं जमिनीचं प्रकरण शोधणाऱ्यांनी आडनाव सोडून 'अमुक बिन तमुक' असं शोधून पाहावं.

चिंचवडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका उरते. नाव मुळीच निघालं नाही, तर माणूस स्वच्छ असं धरायचं का?

नांदेडचा वकील
नाही. काही नावं कायद्यानंच झाकलेली असतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करता येत नाही. आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे बंधन आणखी स्पष्ट केलं. अशा निकालांत नावाऐवजी 'पीडिता' किंवा 'एक्सवायझेड' येतं. ते कोण असेल याचा माग कुणीही काढू नये, हे इथे मुद्दाम लिहितो. बाल न्याय कायद्यात मुलांची नावंही अशीच राखलेली असतात.

तसंच, सगळे आदेश 'निकाल' म्हणून चढवलेले नसतात. हुकूमनामा आणि न्यायनिर्णयही एक नव्हेत. हुकूमनाम्यात काय ठरलं ते असतं, न्यायनिर्णयात का ठरलं ते. आपण बोलताना दोन्हींना निकालच म्हणतो.

आणि जे निघतं त्यानंही माणसाचं नुकसान होतं. अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या एका माणसानं दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. नाव शोधलं की सुटकेचा निकालच आधी दिसतो आणि त्यापायी नोकरी मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. २०२१ मध्ये न्यायालयानं तो निकाल शोधयंत्रांतून हटवायचा अंतरिम आदेश दिला. सुटला असूनही 'आरोपी' हा शब्द त्याला चिकटून राहिला होता. म्हणून पुन्हा सांगतो, नावापुढचा शब्द वाचा आणि शेवटचा आदेशही वाचा.

आणखी एक. नाव 'पक्षकार' म्हणून शोधणं वेगळं आणि अख्ख्या मजकुरात शोधणं वेगळं. मजकुरात 'टिळक' टाकलंत तर टिळकनगर पोलीस ठाणे येईल, टिळक रस्ता येईल, टिळक आडनावाचे वकील आणि साक्षीदार येतील. साक्षीदार म्हणून नाव येणं म्हणजे त्या माणसानं न्यायालयाला मदत केली, याहून जास्त काही नाही.

चिंचवडकर
निकाल वाचला. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. चुलत्यांनी लावलेला वाटपाचा दावा आहे. मुलाचे आजोबा मूळ प्रतिवादी होते, त्यांच्या नावापुढे 'मयत तर्फे वारस' असं लिहून खाली चार वारसांची नावं आहेत. हे चौथे. ग्राहक आयोगाच्या निकालातला पत्ता लातूरचा निघाला, धंदाही वेगळा, म्हणजे तो माणूसच दुसरा. वहिनींना सगळं दाखवलं, त्यांचं समाधान झालं. फक्त रोजनाम्यात, म्हणजे तारखांच्या कामाच्या नोंदीत, शेवटी 'तडजोड पुरसीस दाखल' असं आहे, ते समजलं नाही.

निवृत्त सहायक अधीक्षक, दिवाणी न्यायालय
फार बरं वाटलं वाचून. पुरसीस म्हणजे पक्षकारानं किंवा त्याच्या वकिलानं न्यायालयाला लेखी कळवलेली गोष्ट. शब्द फारसी, मूळ अर्थ विचारणा. आमच्याकडे मात्र विचारण्याचा अर्थ गेला आणि कळवण्याचा राहिला. 'पुरावा संपल्याची पुरसीस', 'दावा काढून घेत असल्याची पुरसीस', तशीच ही तडजोडीची. म्हणजे घरातल्यांनी आपसात मिटवलं आणि तसं न्यायालयाला लिहून दिलं. तडजोडीच्या अटी हव्या असतील तर हुकूमनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करावा लागेल, मुलाकडच्यांकडे ती नक्कल बहुधा असेलच. बैठकीत सरळ विचारा. मिटलेल्या वाटपाबद्दल बोलायला कुणाला अवघड वाटत नाही.