पैसा लागला म्हणून भाव खरा होत नाही

"निवडणुकीच्या सट्ट्यात लोकांचा स्वतःचा पैसा असतो, म्हणून कोण जिंकणार याचा तिथला भाव एक्झिट पोलपेक्षा खरा" असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही. आमच्याकडं राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचा भाव मोबाईलवर फिरतो अन् त्यावरच पारावर शर्ती लागतात. २०२४ ला जालन्यात पाच वेळचे खासदार रावसाहेब दानवे लाखाहून जास्त मतांनी पडले. आमच्या चुलत्यांनी त्यांच्यावर बियाण्या-खताचे पैसे लावले होते. निकाल ४ जूनला, पेरणी तोंडावर! सोयाबीनच्या बॅगा उधारीवर आणाव्या लागल्या, त्याचं व्याज दिवाळीपर्यंत फेडलं. फार वाईट वाटलं तेव्हा.

अन् चुलते पैज जिंकले असते तरी काय? १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल. समोरच्यानं हात वर केले तर कोर्टातूनही वसुली होत नाही.